वरची रेघ

पडद्यावर त्या बाईला डोकं होतं. मी ते ठेवलं नव्हतं. मी तिला गळ्याखाली कापलं होतं, कोटाच्या दुसऱ्या बटणावर, आणि चौकटीची वरची रेघ नेमकी तिथं आणून बसवायला मला अख्खी सकाळ लागली होती. आता ती रेघ खुशाल वर सरकली होती. गळा होता, हनुवटी होती, नाक होतं आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओघळणारं ताजं पाणी होतं. नटी रडत होती. माझ्या शॉटमध्ये, माझ्या नाकावर टिच्चून रडत होती. मी ओरडले नाही. हातातला चहा पायावर सांडला आणि तो गरम आहे हे मला जरा उशिरा कळलं. एडिटरनं चित्र थांबवलं आणि माझ्याकडे न बघता कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत बसला. "सरांनी सांगितलं म्हणून केलं, मॅडम," तो म्हणाला. सर म्हणजे माझा धाकटा भाऊ. सिनेमा त्याचा, दिग्दर्शन त्याचं, गोष्ट आमच्या आईची. कॅमेरा तेवढा माझा. संध्याकाळी पाचला चित्र कुलूपबंद होणार होतं. त्यानंतर देव आला तरी त्यात काही हलवता येत नाही. म्हणजे मी आज सहज म्हणून डोकावले नसते, तर हे डोकं मला थेट थिएटरात, चारचौघांत भेटलं असतं.

युनिटमधले लोक मला पाठीमागे खाटीकबाई म्हणतात, हे मला माहीत आहे. माझ्या कानावर यावं एवढ्या मोठ्यानंच म्हणतात. मी डोकी उडवते. डोकं ठेवलंच तर चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात ठेवते, आणि वर नुसती भिंत, भिंतीवर ओलीचा डाग. माणूस डावीकडे बघत असला की बाकीचे त्याच्या डोळ्यांपुढे मोकळी जागा सोडतात. मी त्याचं नाक चौकटीच्या कडेला नेऊन टेकवते आणि सगळी खोली त्याच्या पाठीमागे पडू देते. बोलणाऱ्याचा कान दाखवते, ऐकणाऱ्याचे गुडघे. एका निर्मात्यानं मला हात जोडून सांगितलं होतं, "बाई, हिरो आम्ही डोक्यासकट घेतलाय हो." लेख लिहिणारे लोक यात एकटेपणा शोधतात, शहरातल्या माणसाचं तुटलेपण शोधतात, शोधोत बापडे. मी कधी एकटेपणा टिपायला गेले नाही. मला एवढंच कळतं, की तोंड मधोमध ठेवलं की ते खोटं बोलायला लागतं. मधोमध बसलेल्या तोंडाला आपल्याकडे कुणीतरी बघतंय हे पक्कं ठाऊक असतं. हात मात्र आपल्या कामात असतात. भावाच्या सगळ्या सिनेमांत तोंडं मधोमध असतात, गोल, उजळलेली, डोळ्यांत एकेक दिवा ठेवलेली, आणि लोक ती बघून हुंदके देतात आणि बाहेर येऊन त्याचे हात हातात घेतात. तोही ते घेऊ देतो. त्याला लहानपणापासून सगळ्यांनी घेतलेलंच आहे.

खरं तर मी असली हलवाहलव होऊच देत नाही. कॅमेरा आपल्याला हवं त्यापेक्षा जास्त टिपतो. चौकटीच्या रेघांबाहेर चारी बाजूंना चांगला रुंद पट्टा शिल्लक राहतो, उद्या कुणाला चित्र वरखाली करावंसं वाटलं तर सोय म्हणून. या सोयीनं आमच्या धंद्याचा सत्यानाश केला आहे. ज्याला शॉट लावता येत नाही त्याला आता तो नंतर सरकवता येतो. म्हणून मी लेन्सपुढे काळा पुठ्ठा लावते. पुठ्ठ्याला माझ्या चौकटीच्या मापाची खिडकी कापलेली असते. तिच्याबाहेर टिपायला काही उरतच नाही. घ्या, आता सरकवा म्हणावं. त्या पुठ्ठ्यापायी मी कामं घालवली आहेत, माणसं घालवली आहेत. या शॉटच्या वेळी मात्र भाऊ जवळ आला, पुठ्ठ्यावर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाला, "ताई, माझ्यावरसुद्धा विश्वास नाही?" आणि मी पुठ्ठा काढला. जन्मात एकदाच काढला. वर माझी दुसरी खोड माझ्या मुळावर आली. कॅमेऱ्यातून बघताना रेघांबाहेरचा भाग बाकीचे लोक अंधुक ठेवतात, मी तो ठार काळा करून टाकते. बाहेरचं काही दिसलेलं मला चालत नाही. त्यामुळे मी डोळा लावून त्या कोटाकडे आणि त्या हातांकडे बघत होते, तेव्हा वर, माझ्या काळ्या पट्ट्यात, नटी भावाच्या सांगण्यावरून घळाघळा रडत होती. सगळ्या युनिटला दिसत होतं. शॉट संपल्यावर सगळे इतके गप्प का झाले, हे मला आज कळलं. मूर्खासारखं मला वाटलं होतं, माझ्या चौकटीनं ते गप्प झाले.

"मूळचा लाव," मी एडिटरला म्हटलं. त्यानं लावला. बाईचं डोकं गेलं आणि मला श्वास घेता आला. कोट, कोटाचा सुटलेला पट्टा, कडेवरच्या मुलाचे लोंबणारे पाय, एका पायात मोजा, दुसरा उघडा. खुर्चीवर बॅग. बॅगेची चेन अडकलेली, आणि ती ओढणारा हात. हात थांबतो. पुन्हा ओढतो. चेन लागते. पावलं वळतात, दाराकडे जातात. बस. मी हा शॉट शोधून काढलेला नाही, मी तो पाहिलेला आहे. मी सात वर्षांची होते, अंगात ताप होता, शाळा बुडली होती. खिडकीखाली जमिनीवर गादी घालून मला निजवलं होतं आणि पांघरूण डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढलं होतं. त्या पांघरुणाची कड म्हणजे माझी वरची रेघ. तिच्याखालून किलकिल्या डोळ्यांनी जेवढी आई दिसली तेवढी मी पाहिली. दुपारची वेळ, खिडकीतून आलेलं ऊन तिच्या बुटांपर्यंत पोचलेलं. मला खोकला येत होता आणि मी तो दाबून धरला होता. आई भावाला घेऊन घर सोडून गेली आणि मला ठेवून गेली. संध्याकाळी बाबा डेपोतून आले. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग माझ्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "काही खाल्लंस का?" आठवड्यानं आत्या राहायला आली. तिनं पहिल्याच दिवशी आईची सगळी भांडी फडताळात वरच्या फळीवर टाकली आणि जन्मभर आईला 'ती' म्हणाली.

पुढे महिन्यातून एक रविवार ठरला. आई मला एका हॉटेलात भेटायची, नेहमी त्याच टेबलाशी, आणि भाऊ तिच्या शेजारी बसून बर्फ चोखायचा. मी समोर. माझ्याकडे बघताना तिच्या तोंडावर एक आनंद असायचा, येण्याआधी आरशात नीट करून आणलेला, आणि तो बघवायचा नाही म्हणून मी तिच्या हातांकडे बघायचे. हात बिचारे खरे होते. ते मिठाची बाटली उजवीकडून डावीकडे ठेवायचे, डावीकडून उजवीकडे. ती विचारायची, "अभ्यास करतेस ना?" मी मिठाच्या बाटलीला सांगायचे, "करते." माझ्या मनात एकच प्रश्न असायचा. त्याला का नेलंस आणि मला का नाही? तो मी तिला कधी विचारला नाही. लहानपणी भीती होती, की उत्तर मिळेल. मोठेपणी भीती गेली आणि नुसता संताप उरला, आणि संतापाची एक सोय असते, त्याला उत्तर लागत नाही. मी नोकऱ्या बदलल्या, एक नवरा करून सोडला, बाबांचं दुखणं काढलं, बाबा गेले. आई भावाकडे मजेत राहते. मी सणासुदीच्या पाहुण्यासारखी दारात जाऊन येते. आणि मग भावानं ही गोष्ट लिहिली आणि फोन करून म्हणाला, "ताई, कॅमेरा तूच कर." मी हो म्हटलं. त्याच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. मला तो एक शॉट पाहिजे होता. तो पडद्यावर भिंतीएवढा व्हायला हवा होता आणि आईनं अंधारात बसून तो बघायला हवा होता. डोकं नसलेली ती. मी तिला जन्मभर जशी पाहिली तशी.

भाऊ आला तो गॉगल डोक्यावर चढवून, हसत. माझं तोंड बघून हसू गिळलं. "बघितलंस वाटतं," तो म्हणाला.

"लाज वाटली पाहिजे," मी म्हटलं.

"ताई, ऐकून तरी घे. लोकांना आई बघायचीय. कंबर नाही."

"लोक गेले खड्ड्यात. मी जे पाहिलं ते तिथे आहे. तू दोन वर्षांचा होतास, नाक गळत होतं तुझं."

"मी कडेवर होतो. मला तिचं तोंड दिसत होतं. तुला दिसलं नाही म्हणून ते नव्हतंच असं कसं होईल?"

हे तो पूर्वी कधी बोलला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो शांतपणे उभा होता, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं, हे जास्त वाईट होतं. मी म्हटलं, दोन वर्षांच्या पोराला काय डोंबल आठवतं. तो म्हणाला, त्याला आठवत नसेल, पण आईनं त्याला सांगितलंय, ती रडली होती म्हणून. मी म्हटलं, तुला सांगितलं असेल, तुला ती सगळंच सांगते. मग मी ठेवणीतलं काढलं, की माझं नाव काढून टाक, नामावलीत 'कॅमेरा' या शब्दापुढे दुसऱ्या कुणाचंही नाव घाल, एडिटरच्या कुत्र्याचं घाल. एडिटर म्हणाला, "मॅडम, मी कुत्रा पाळलेला नाही," आणि मग आपण बोलायला नको होतं हे त्याला कळलं. भाऊ खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिला. त्याला माझं नाव हवं होतं, माझ्या नावामुळे चार महोत्सवांची दारं उघडतात. शेवटी तो म्हणाला, "आई येतेच आहे. मीच बोलावलंय तिला, आज दाखवायचं म्हणून. तिचीच गोष्ट आहे ना सगळी, मग तिनंच सांगू दे. ती म्हणेल तो ठेवतो. वचन."

मी कबूल झाले. मला माहीत होतं की ती त्याच्या बाजूनं बोलणार. तिनं सबंध आयुष्यात एकदाच निवड केली होती आणि ती मी पाहिलेली होती. पण ती बघणार होती. पाचच्या आत, या खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर बसून बघणार होती, आणि मला त्यातच एक दुष्ट समाधान होतं. मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. लिफ्ट बंद होती. खालून तिचे श्वास आधी वर आले, मग काठी, मग ती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, मजले चढून धापा टाकत होती आणि तरी मला बघितल्याबरोबर तिनं तोंडावर तोच तो आनंद ओढून घेतला. "वाळलीस गं," ती म्हणाली. मी म्हटलं, "आत चल." तिचा हात धरला नाही. भावानं धरला.

तिला मधल्या खुर्चीत बसवलं. भावानं आधी त्याचा शॉट लावायला सांगितला. नटीचं रडकं तोंड पडद्यावर आलं आणि आई ते चांगलं निरखून बघू लागली, दुकानात कापड बघावं तसं. "मुलगी गोड आहे," ती म्हणाली. "माझं नाक नव्हतं हो इतकं सरळ. पण एवढी कुठे रडले मी?"

"तूच म्हणालीस रडलीस म्हणून," भाऊ म्हणाला.

"रडले ना. जिन्यात रडले. घरात कुठली रडायला फुरसत, पावणेचारची गाडी होती." भावाचं तोंड जरासं उतरलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. "पण असू दे," ती म्हणाली, "छान दिसतंय." भावाचं तोंड पुन्हा जागेवर आलं.

"आता ताईचा," तो म्हणाला.

एडिटरनं चौकट खाली आणली. डोकं गेलं. आणि खाली, जिथं भावाच्या शॉटमध्ये काहीच मावत नव्हतं, तिथं खुर्ची आली, बॅग आली, चेन आली. मी पडद्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. म्हणजे तिच्या हातांकडे. काठीच्या मुठीवर एकावर एक ठेवलेले. चेन अडकली तेव्हा वरचा हात सुटला. पावलं दाराकडे गेली, शॉट संपला. मग आई म्हणाली, "परत लाव." एडिटरनं परत लावला. या वेळी ती खुर्चीतून पुढे झुकली होती.

"ही चेन अडकली होती," ती म्हणाली. "हे कुणी सांगितलं?"

"ताईनं घातलंय ते," भाऊ म्हणाला. "का? चुकलं का?"

"मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुलासुद्धा नाही. चेन अडकली होती, आणि मला वाटलं, आता ही लागली नाही तर नको जायला." ती माझ्याकडे वळली. "मोजापण. एकच होता ह्याच्या पायात, दुसरा सापडला नाही. तू जागी होतीस."

मी म्हटलं, "होते."

"होतीस?"

"हो. सगळं पाहिलं."

"पण मी वाकून बघितलं होतं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुझ्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं. पांघरूण बाजूला केलं. डोळे मिटलेले होते तुझे. म्हटलं, गाढ लागलीय. हा कडेवर, हातात बॅग, आणि तापानं फणफणलेलं झोपलेलं पोर मी उचलणार कशी, सांग ना? जागी असतीस तर चालत आली असतीस. तेवढ्यासाठीच वाकले होते मी. चपलाबूट काढून ठेवले होते तुझे दाराशी, विचार तुझ्या आत्याला. नाही, ती कुठली आता सांगणार. जागी होतीस तर मग हाक का नाही मारलीस?"

पांघरूण बाजूला झालं होतं. मला ते ठाऊक होतं. कपाळाला एकदम गार लागलं होतं, साबणाचा वास आला होता, तिचे केस माझ्या गालाला लागले होते आणि गुदगुल्या होत होत्या आणि मी हलले नव्हते. चेन लागल्यावर ती पावलं वळली ती दाराकडे नव्हती वळली. माझ्याकडे वळली होती. ती दाराकडे जाताना मी पाहिलीच नाही, तेवढा भाग मी रचला होता, आणि इतक्या वर्षांत तो माझ्या डोळ्यांना इतका सवयीचा झाला होता की मी तो शूटसुद्धा केला, ऊन मोजून. मी पाहिलं ते चेनपर्यंत. पुढे मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. बाहेरची सगळी जागा मीच काळी केली होती, आणि ते तोंड त्या काळ्या पट्ट्यात इतकं जवळ आलं होतं की त्याचा श्वास माझ्या ओठांवर पडत होता. मला आईचा राग आला, तिनं हे आधी का सांगितलं नाही म्हणून. मग आठवलं की मी विचारलं नव्हतं. मी टेबलाची कड धरली.

"सांग ना," आई म्हणाली. आता तिचा आनंद कुठे गेला होता कुणास ठाऊक. ती चिडली होती, माझ्यावर, बायकांनी भर बाजारात भांडावं तशी चिडली होती, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. "का नाही मारलीस हाक?"

"मला वाटलं," मी म्हटलं, "झोपलेल्या पोराला एकटं टाकून तू जाणार नाहीस. म्हणून झोपले."

भाऊ भिंतीला टेकला. त्यानं गॉगल डोक्यावरून काढून खिशात घातला, परत काढला. आईनं काठी उचलली आणि परत होती तिथेच ठेवली. मग भाऊ म्हणाला, "ताईचा ठेव." एडिटरनं माझ्याकडे बघितलं. मी जिंकले होते. तो शॉट आता कायमचा माझा होता, पाच वाजल्यावर त्याला कुणीही हात लावू शकणार नव्हतं, आणि मला तो बघवत नव्हता. सबंध शॉट सुरेख होता. त्या बाईला डोकं नव्हतं आणि ती दाराकडे चालत होती.

"चेनपर्यंत ठेव," मी म्हटलं. "पावलं वळली की काप. पुढे काळं."

"नुसतं काळं?" एडिटर म्हणाला. "आणि आवाज?"

"खोलीचा. मग दार."

"किती लांब ठेवू काळं?"

मी आईला विचारलं, "किती वेळ होतीस?"

"कुठे?"

"वाकून. माझ्यावर वाकून किती वेळ होतीस?"

"बराच वेळ," ती म्हणाली. "म्हटलं, उघडशील डोळे."